कलाशाळेतील धुरंधर

मुंबईहून पुण्यास येणारी आगगाडी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास येते आणि तेथून मावळाच्या सपाटीस लागते. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी अशी स्थानके एकामागून एक मागे पडतात. तळेगाव सोडले की कारखान्यांची लांबच लांब छपरे दिसू लागतात. लोहमार्गापासून दूर, ईशान्येच्या बाजूस चाकण आहे. ज्या किल्ल्यासाठी फिरंगोजी नरसाळा १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेशी झुंजला, त्याच्या आसपासच्या माळांवर आज मोटारी तयार होतात. पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला तो १९५० नंतरच्या दशकात, आणि पुढे हा सारा मुलूख उद्योगनगरी म्हणून ओळखला जाऊ लागला.

परंतु ह्याच लोहमार्गावर, ह्या सर्वांच्या कितीतरी आधी, एक निराळाच कारखाना चालत असे. त्यातून यंत्रे बाहेर पडत नसत की औषधे. बाहेर पडत ती चित्रे. राजा रविवर्मा ह्या थोर चित्रकाराने १८९४ मध्ये मुंबईस गिरगावात एक छापखाना काढला होता. मुंबईत प्लेगची साथ आली, आणि त्यानंतर तो छापखाना घाटावर मळवलीस आला. तेथे शिळाप्रेसवर चित्रे छापली जात. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या जाड शिळेवर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, मग ती शिळा पाण्याने भिजवावयाची. जेथे खडू लागला आहे तेथे पाणी ठरत नाही, आणि जेथे पाणी ठरले आहे तेथे शाई धरत नाही. तेल आणि पाणी ह्यांच्या ह्या वैरावर ती सारी कला उभी होती. एका रंगास एक शिळा. एका चित्रात जितके रंग, तितक्या शिळा आणि तितक्याच वेळा तो कागद दाबाखालून काढावयाचा. एखादी शिळा केसभर सरकली तरी देवीचे ओठ गालावर जात. असे जपून छापलेले लक्ष्मीचे किंवा सरस्वतीचे चित्र मग एखाद्या खेड्यातील देवघरात जाऊन बसे. ज्या घरात पूर्वी चित्र म्हणून काही नव्हते, त्या घरातही ते पोचले.

मळवलीच्या ह्या छापखान्याने पुढे आणखी एका चित्रकाराची चित्रे छापली. त्यांचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. रविवर्मा आणि धुरंधर ह्यांच्या चित्रांत पुष्कळ साम्य असले, तरी त्यांच्या शिक्षणात मोठे अंतर होते. रविवर्मा कोणत्याही कलाशाळेत गेला नव्हता. त्रावणकोरच्या राजवाड्यात राहून, येणाऱ्याजाणाऱ्या चित्रकारांचे हात पाहून तो शिकला. धुरंधर हे मात्र अथपासून इतीपर्यंत शाळेचे चित्रकार. १८९० मध्ये ते मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ मध्ये तेथून निवृत्त झाले. एका माणसाची एकेचाळीस वर्षे एका इमारतीत गेली. त्यामुळे कलेच्या शाळेत माणूस कसा घडतो हे पाहावयाचे असेल, तर त्यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

ती शाळा म्हणजे सर जमशेटजी जिजीभाई कला विद्यालय. सर्व लोक तिला ‘जे. जे.’ एवढेच म्हणतात. सर जमशेटजी ह्या पारशी दानशूर गृहस्थांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ती सुरू झाली. आज जी इमारत आपण बोरीबंदराजवळ पाहतो, तीत ती १८७८ मध्ये आली. शाळा काढताना सरकारच्या मनात थोर चित्रकार निर्माण करावेत असे फारसे नव्हते. लाकूड, धातू, माती, कापड ह्यांवर काम करणाऱ्या कारागिरांना आरेखन शिकवावे आणि देशी कारागिरी सुधारावी, हा मूळ हेतू. बोरीबंदर स्थानकाच्या भव्य इमारतीवर जी पाने, फुले, पशुपक्षी कोरलेले दिसतात, त्यांत ह्या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. शाळा कशासाठी काढली आणि तिच्यातून काय निघाले, ह्यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. येथे तो बसला नाही, हे आपले भाग्य म्हणावयाचे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी झाला. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. कोल्हापुरात त्या वेळी आबालाल रहिमान नावाचे एक विलक्षण चित्रकार होते. तेही जे. जे. मध्येच शिकलेले. त्यांच्या हाताखाली ह्या मुलाने चित्रकलेचे पहिले धडे घेतले. गावात एक चांगला चित्रकार असणे म्हणजे काय, हे ह्यावरून ध्यानात यावे. ज्या मुलाने चित्रकार पाहिलेलाच नाही, त्याला आपण चित्रकार व्हावे असे सुचणारही कसे?

१८९० च्या आरंभी धुरंधर मुंबईस आले व त्यांनी जे. जे. मध्ये नाव घातले. त्या वेळी शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. वय वर्षे बावीस, हात बऱ्यापैकी तयार, डोक्यात रंगीबेरंगी चित्रे; आणि शाळेत आल्यावर पुढ्यात काय आले? एक पांढरा ठोकळा!

तेथील शिक्षणाचा क्रम मोठा कडक होता. प्रथम छापील नमुन्यावरून रेषा गिरवावयाच्या. मग घन, शंकू, नळकांडे, गोल अशा आकृती समोर ठेवून काढावयाच्या. मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन. हे पुतळे म्हणजे ग्रीक व रोमन शिल्पांच्या प्रतिकृती. त्या समुद्रापलीकडून आणलेल्या असत. एवढे सारे पार पडले म्हणजे मग जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढण्याची परवानगी. रंग तर फार पुढची गोष्ट. ज्याला रंगांची घाई असेल त्याचा धीर सुटावा असाच तो क्रम होता, आणि पुष्कळांचा सुटतही असला पाहिजे.

पण त्या पांढऱ्या ठोकळ्यात काय शिकण्यासारखे आहे? ज्याला शंका असेल त्याने एक पांढरा चेंडू खिडकीजवळ टेबलावर ठेवून पाहावा. चेंडू पांढरा आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून तो सगळीकडून पांढराच दिसतो असे आपण धरून चालतो. आता डोळे किंचित मिटून पाहिले, तर खिडकीकडच्या अंगास एक लख्ख ठिपका दिसतो. त्याभोवती उजेड हळूहळू मंद होत जातो. पलीकडच्या अंगास गडद छाया आहे. पण सर्वांत गडद भाग चेंडूच्या कडेस नाही, तो कडेच्या थोडा अलीकडे आहे. अगदी कडेस पुन्हा किंचित उजळ दिसते, कारण टेबलावर पडलेला उजेड उलटून चेंडूवर येतो. आणि चेंडूखाली टेबलावर जी सावली पडली आहे, ती चेंडूला टेकते तेथे काळी आणि दूर जाईल तसतशी फिकी होत जाते. एवढे सारे त्या एका चेंडूत असते. ते पाहावयास शिकलेला डोळा मग माणसाच्या गालाकडे, घागरीच्या पोटाकडे, आंब्याकडे पाहू लागला, म्हणजे त्याला पूर्वी न दिसलेले दिसू लागते. शाळेने धुरंधरांना पहिली गोष्ट दिली ती ही: आपल्याला जे ठाऊक आहे ते बाजूस ठेवून, समोर जे आहे ते पाहणे.

पुतळ्यांचा अभ्यासही असाच. पुतळा हलत नाही, थकत नाही, महिनाभर एकाच जागी उभा राहतो. विद्यार्थ्याला चूक कळेपर्यंत तो वाट पाहतो. खांदा एका बाजूस उतरला की कंबर त्याच बाजूस का वर येते, उभ्या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे हे कसे ओळखावे, हे त्या मुक्या गुरूंनी शिकविले. मात्र ह्या पद्धतीत एक धोका होता, आणि तो लहान नव्हता. अपोलो आणि व्हीनस ह्यांच्या पुतळ्यांपुढे वर्षानुवर्षे बसलेला कोल्हापूरचा, पुण्याचा किंवा मुंबईचा मुलगा शेवटी अपोलो आणि व्हीनसच काढू लागेल, त्याला धोतर नेसलेला आपला शेजारी चित्रात घेण्यासारखा वाटणारच नाही, अशी भीती होती. परक्यांनी चालविलेल्या शाळेत परक्या मूर्ती गिरविणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वतःचे असे काही उरेल काय? हा प्रश्न त्या काळच्या सर्व कलाविद्यार्थ्यांपुढे होता, मग तो त्यांनी बोलून दाखविलेला असो वा नसो.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द ग्रिफिथ्स ह्यांच्याजवळ होते. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वारंवार अजिंठ्याच्या लेण्यांत जात. लेण्यांच्या भिंतींवरील चित्रे वटवाघळांनी, ओलीने आणि माणसांच्या हातांनी नाहीशी होत चालली होती. त्यांच्या हुबेहूब प्रती करून ठेवणे हे काम होते. पेस्तनजी बमनजी हा पुढे नावारूपास आलेला चित्रकार ह्याच विद्यार्थ्यांपैकी. लेण्यांतील अंधूक उजेडात, ओबडधोबड भिंतीसमोर उभे राहून, शेकडो वर्षांपूर्वीच्या अनामिक चित्रकाराची एकेक रेषा आपल्या हाताने पुन्हा ओढावयाची. ह्या मुलांना ग्रीक पुतळ्यांपुढे जे सांगितले गेले नव्हते ते येथे भिंतच सांगत होती. आपल्या देशातील माणसे, त्यांचे डोळे, त्यांच्या बोटांच्या मुद्रा, त्यांची केशरचना ही चित्राचा विषय होऊ शकते, इतकेच नव्हे, तर ती पूर्वी झालेली आहे. ह्या प्रती लंडनला पाठविण्यात आल्या, आणि १८८५ मध्ये तेथील साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळून गेल्या. तेरा वर्षांच्या खटपटीचा मोठा भाग असा राख झाला. जे वाचले त्याच्या आधारे ग्रिफिथ्स ह्यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. चित्रे जळाली, पण ज्या हातांनी ती काढली होती, त्या हातांत आलेली समज जळण्यासारखी नव्हती.

धुरंधर शाळेत आले तेव्हा अजिंठ्याचे काम संपले होते. तरी ते ज्या गुरूंच्या हाताखाली आले, ते ही शिकवण घेऊन परतलेले होते. त्यातच १८९० च्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांच्यासाठी रविवर्म्याने पौराणिक प्रसंगांची जी मोठी तैलचित्रे काढली होती, ती बडोद्यास जाण्यापूर्वी मुंबईत लोकांना पाहावयास ठेवण्यात आली. नल-दमयंतीसारखी पुराणातील माणसे हाडामांसाची होऊन समोर उभी राहिलेली मुंबईकरांनी पाहिली. कलाशाळेतील तरुणांवर त्याचा परिणाम झाला नसता तरच नवल.

धुरंधरांनी ह्या सर्वांतून स्वतःची वाट काढली. त्यांनी पुराणे सोडली नाहीत. पण त्यांची नजर विशेष रमली ती घरात. दळणारी, कांडणारी, पाणी आणणारी, पूजेची तयारी करणारी स्त्री त्यांना चित्राचा विषय वाटली. १८९२ मध्ये, अद्याप विद्यार्थी असतानाच, बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. पुढे १८९५ मध्ये त्याच सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना लाभले, आणि ते ज्या चित्रास लाभले त्याचे नाव होते ‘आली का लक्ष्मी?’ अशा अर्थाचे. भाद्रपदात गौरी घरात आणताना दारापासून देवघरापर्यंत हेच शब्द म्हणतात, हे महाराष्ट्रातील कोणत्याही मुलास सांगावयास नको. प्रदर्शन भरविणारे, पाहणारे आणि पदक देणारे ह्यांत मोठा भरणा युरोपीय लोकांचा. त्यांच्यापुढे हा तरुण आपल्या माजघरातील शब्द घेऊन उभा राहिला. ठोकळ्याच्या, पुतळ्याच्या अभ्यासाने आलेले कौशल्य त्याने टाकून दिले नाही. त्या कौशल्याला आपल्या घरचा पत्ता दिला.

अगदी ह्याच सुमारास, ह्याच शाळेत, दुसऱ्या एका विद्यार्थ्याने असेच काही केले. गणपत काशिनाथ म्हात्रे ह्या पुण्यात जन्मलेल्या तरुणाने १८९६ च्या सुमारास प्लॅस्टरमध्ये एका स्त्रीचा पुरुषभर उंचीचा पुतळा घडविला. नऊवारी नेसलेली ती तरुणी पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघाली आहे. ‘मंदिरपथगामिनी’ ह्या नावाने तो पुतळा प्रसिद्ध आहे. ग्रीक मूर्तिकारांनी वस्त्राच्या चुण्या कशा खोदल्या हे म्हात्र्यांनी शाळेतील पुतळ्यांवर शेकडो वेळा पाहिले होते. त्या चुण्या आता लुगड्याच्या निऱ्या झाल्या. नऊवारी लुगडे ज्याने रोज पाहिले आहे त्यालाच त्या निऱ्यांचा कस आणि ओचा असा साधेल. आणि ज्याने पुतळ्यांपुढे बसून डोळ्याला शिस्त लावली आहे त्यालाच तो प्लॅस्टरमध्ये उतरविता येईल. ह्यांतले एक घर देते, दुसरे शाळा देते. म्हात्रे तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते.

१८९६ मध्ये धुरंधर त्याच शाळेत शिक्षक झाले. ज्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसले, त्याच वर्गात आता दुसऱ्यांच्या खांद्यामागे उभे राहून चुका दाखवावयाच्या. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला, आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. ह्या साथीत धुरंधरांच्या पत्नी बापूबाई १८९७ मध्ये मृत्यू पावल्या. ज्याच्या चित्रांचा सारा जीव घरात, त्याचेच घर असे रिकामे झाले. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नी गंगूबाई ह्यांचा चेहरा आणि अंगलट त्यांच्या कितीतरी चित्रांतून ओळखू येते. कलावंताच्या आयुष्यातील दुःख त्याच्या चित्रात कोठे शिरले हे बाहेरच्याने ठरवू नये. इतके मात्र दिसते की, त्यांनी घराकडे पाठ फिरविली नाही. पुढील पस्तीस-चाळीस वर्षे ते सण, विवाह, पूजा, हळदीकुंकू, बाजार आणि रस्ते ह्यांचीच चित्रे काढीत राहिले.

शिक्षक झाल्यावर पुष्कळ चित्रकारांचा स्वतःचा हात बंद पडतो. धुरंधरांचा उलट अधिक चालू लागला. तैलचित्रे आणि जलरंगातील चित्रे ह्यांबरोबर त्यांनी पुस्तकांसाठी, मासिकांसाठी, जाहिरातींसाठी, टपालाच्या चित्रकार्डांसाठी हजारो चित्रे काढली. १९१२ मध्ये एडवर्ड्स ह्यांच्या मुंबईवरील पुस्तकात त्यांची चित्रे आली. १९१४ मध्ये किंकेड ह्यांनी आपल्या चातुर्मासातील कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, त्या पुस्तकासही धुरंधरांचीच चित्रे आहेत. आटपाट नगरातील राजा, त्याची आवडती आणि नावडती राणी, शुक्रवारची सवाष्ण ही माणसे तोपर्यंत आजीच्या तोंडीच राहत होती. त्यांना चेहरे मिळाले. १९२० मध्ये रॉथफेल्ड ह्यांच्या ‘वीमेन ऑफ इंडिया’ ह्या ग्रंथासाठी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील व जातीजमातींतील स्त्रियांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे काढली. कोणी नुसता चेहरा पाहून ही चित्रे पुरी पाहिली असे समजू नये. डोक्यावरील पदर कोणत्या खांद्यावरून आला आहे, निऱ्या पुढे आहेत की बाजूस, पाटल्या किती आणि बांगड्या कोणत्या, डोक्यावर भार असता मान कशी राहते, हे सारे त्यांनी असे टिपले आहे की, शंभर वर्षांनंतर त्या काळचा पोशाख अभ्यासणारे लोक आज त्यांच्याकडे धाव घेतात.

असा वेग कोठून आला? तो प्रतिभेतून आला असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याने एक पांढरा गोल सतरा वेळा काढला आहे, त्याला अठराव्या वेळी छाया कोठे पडेल ह्याचा विचार करीत बसावे लागत नाही. हात आपोआप तेथे जातो, आणि मन मोकळे राहते ते त्या स्त्रीच्या चालीतील डौल पाहावयास. शाळेतील रूक्ष वाटणाऱ्या अभ्यासाचे फळ पुष्कळदा शाळा सुटल्यावर वीस वर्षांनी हाती येते.

धुरंधरांवर टीका झाली नाही असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांचे अनुयायी ह्यांनी पाश्चात्य पद्धतीची छायाप्रकाशाची चित्रकला सोडून जुन्या भारतीय शैलीकडे वळावे असा आग्रह धरला. त्यांच्या दृष्टीने जे. जे. ची शाळा ही परक्यांची नक्कल करणारी होती. ह्या टीकेत तथ्य होते. आज धुरंधरांची काही पौराणिक चित्रे पाहताना देव नाटकाच्या पडद्यासमोर उभे असल्यासारखे वाटतात, हे मान्य करावे लागते. पण बाजारातील गर्दी, लग्नघरातील लगबग, पाणवठ्यावरील बायका ह्यांची त्यांची चित्रे पाहताना नक्कल हा शब्द तोंडात येत नाही. जे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते तेथे ते खरे आहेत. जेथे पाहिलेले नव्हते तेथे थोडे उसने. चित्रकाराची पारख करावयास ही कसोटी वाईट नाही.

त्यांचे चित्रकाम पुढे नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंतींवर गेले. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात त्यांची चित्रे आजही पाहावयास मिळतात. १९३० मध्ये त्यांनी काही काळ जे. जे. च्या संचालकपदाचे काम पाहिले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. शाळा निघून तोवर त्र्याहत्तर वर्षे झाली होती. आणखी एक घटना जवळजवळ त्याच वेळची आहे, व ती घटना तितक्याच मानाने सांगावयास हवी. त्यांची कन्या अंबिका हिने १९३१ मध्ये ह्याच शाळेची पदविका मिळविली. मुलींनी चित्रकलेच्या महाविद्यालयात जाऊन पुरुष विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून शिकावे, ही गोष्ट त्या काळी सहज नव्हती. अंबिकाबाई पुढे स्वतः नामांकित चित्रकार झाल्या, आणि ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले. पित्याने १९४० मध्ये आपल्या शाळेतील आयुष्यावर पुस्तक लिहिले होते. त्याचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. शाळेला मंदिर म्हणण्याची रीत जुनी आहे. परंतु एकेचाळीस वर्षे तिचा उंबरठा ओलांडलेल्या माणसाने ते म्हटले, म्हणून तो शब्द येथे नुसता शोभेचा राहत नाही. १ जून १९४४ रोजी धुरंधर निवर्तले.

मळवलीचा तो छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला. जे. जे. चे विद्यालय अद्याप त्याच जागी आहे. २०२३ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्यांना तेथवर जाता येत नाही, त्यांच्यापर्यंत त्या शाळेतील शिस्तीचा एक लहानसा अंश मात्र फार पूर्वीच पोचला आहे. शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन पायऱ्या महाराष्ट्रातील बहुतेक शाळांतील मुलांना ठाऊक असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ह्या विषयांच्या ह्या परीक्षा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, चाकण येथील शाळांतही परीक्षेच्या दिवशी बाके अर्धगोलात मांडली जातात, मध्ये एका टेबलावर एखादी किटली, एखादे फळ आणि खाली दुमडलेला कपडा ठेवलेला असतो, आणि कारखान्यात सकाळच्या पाळीवर गेलेल्या आईबापांची मुलेमुली पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरून, एक डोळा मिटून, किटलीची उंची रुंदीच्या किती पट आहे हे मोजीत असतात. वर्गात कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. कोणीतरी खोडरबर मागतो. किटलीच्या पोटावर, अगदी कडेस, टेबलावरून उलटलेला तो किंचित उजेड पडलेला असतो. आणि पाच-सहा मुलांनी तो पाहिलेला असतो.